शेजारच्या फोनची रेंज माझ्या फोनला वापरता येते का?

येते, पण आपोआप नाही. आज हॉटस्पॉट हाच खरा मार्ग. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज 13 मध्ये (2016) एका फोनने दुसऱ्याचा डेटा टॉवरपर्यंत पोचवायची सोय आणली, तीही मुख्यतः पोलीस-अग्निशमन अशा आपत्कालीन सेवांसाठी. फाइव्हजीत ती रिलीज 17 मध्ये (2022) आली. साध्या फोनांत मात्र ती सहसा नसते. अनोळखी माणसासाठी आपली बॅटरी कोण जाळणार? तेव्हा आतल्या खोलीत रेंज नसेल, तर एक फोन खिडकीत ठेवा आणि त्याचा हॉटस्पॉट दुसऱ्यावर घ्या. एक अडचण: यातून इंटरनेट मिळतं, साधा कॉल नाही. त्यासाठी वाय-फाय कॉलिंग लागेल, नाहीतर सरळ व्हॉट्सअ‍ॅपवरून बोला.