नाइट करून आले की लेक शाळेला निघालेली असते

प्रश्न : ताई, मी सोलापूरला स्टाफ नर्स आहे, एमएससी नर्सिंग झालंय, दोन वर्षांपूर्वी पार्ट टाइम पीएचडीला रजिस्ट्रेशन केलं. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा पास झाला, पण डेटा कलेक्शन जागचं हलत नाहीये. लेक चार वर्षांची. नाइट करून घरी आले की झोपायचं, लिहायचं का भाकऱ्या थापायच्या? सासूबाई खूप करतात, पण परवा म्हणाल्या "अजून किती वर्षं?" आणि मला काही बोलताच आलं नाही. सोडून देऊ का?

उत्तर : नको गं सोडूस. आणि सासूबाईंना सांगायला आकडा आहे तुझ्याकडे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, मग री-रजिस्ट्रेशन करून २ आणि बायकांना अजून २, म्हणजे ताणून ताणून १० पर्यंत. शिवाय पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा मूल सांभाळायची रजा. तुझ्या विद्यापीठात हे कसं लागू आहे ते पीएचडी सेक्शनला लेखी विचार, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

पार्ट टाइमला हॉस्पिटलची एनओसी लागते, त्यात रिसर्चला पुरेसा वेळ मिळेल असं लिहून द्यावं लागतं. तो कागद शोध, झेरॉक्स काढ आणि मॅट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) जा, पण "अभ्यासाला सवलत द्या" असं मोघम नको, "तीन महिने मंगळवार ऑफ द्या, बदल्यात रविवार करते" असं माग. मी स्वतः आठ वर्षं ड्युट्यांचा रोटा लावलाय, नेमकं मागणारीचं काम लगेच होतं आणि रडत येणारीचं पुढच्या महिन्यावर जातं, वाईट आहे पण असंच आहे.

डेटा आपल्याच वॉर्डात घेऊन टाकू असं वाटेल, तिथे जरा थांब. जिच्या हातून इंजेक्शन घ्यायचंय त्या सिस्टरला पेशंट नाही कसं म्हणणार? संमती दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग, आणि सिनॉप्सिसमधली डेटा घ्यायची जागा बदलणार असशील तर आधी गाइड आणि एथिक्स कमिटीला कळव, मागाहून नाही.

नाइटनंतर मात्र लिहू नकोस, झोप. मी लिहायचे, आणि चॅप्टर दोनमध्ये एकच परिच्छेद तीनदा आलाय हे गाइडनी दाखवलं तेव्हा कळलं. ऑफच्या दिवशी लेक शाळेत गेली की दोन तास, बास.

बाकी एवढ्या पत्रात सासूबाई आहेत, लेक आहे, भाकऱ्या आहेत, नवरा कुठेच नाही. तो संध्याकाळी घरी असतो ना?