पळाल्यानं गुडघे झिजत नाहीत

भाऊ, भरतीच्या १६०० मीटरसाठी पळायला लागलास, फार बरं वाटलं. गुडघे झिजतील ही घरच्यांची भीती सोड. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हौसेनं पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज दिसली, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के. गुडघा दुखावतो तो एकदम अंतर वाढवल्यानं. माझा असाच सुजला, महिनाभर घरी बसलो. पांदणीनं पळ. पावसाळ्यात मात्र काळी माती बुटाला गोळ्यागोळ्यानं चिकटते, पाय मुरगळतो, तेव्हा डांबरीच बरी. उन्हाळ्यात उजाडायच्या आत परत ये.

बोंडअळीनं कपाशी गेली त्या वर्षी मला झोप नव्हती. पहाटे धुऱ्याच्या कडेनं पळताना श्वास मोजायचो, डोकं हलकं व्हायचं. तरीही मन बुडतंय असं वाटलं, तर पळण्यावर भागवू नको; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मोफत आहे.