हील्स काढल्या की पोटऱ्या का दुखतात?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. नोकरी स्वागतकक्षात असल्याने दिवसभर उंच टाचांच्या सँडल्स पायात असतात. त्यांचा काहीच त्रास नाही. उलट घरी येऊन अनवाणी चालू लागले, की टाचेमागची शीर ताणते आणि पोटऱ्या दुखतात. म्हणजे माझ्या पायांना हील्सच मानवतात, असं समजायचं का?

उत्तर : तसं समजून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी असतात, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून मला काळजी वाटते ती त्यांचीच. टाच सतत उचललेली राहिली, की पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीत काम करतो. वर्षानुवर्षं हेच चाललं तर त्याचे तंतू आखूड होतात, आणि त्याला टाचेशी जोडणारा अकिलिस टेंडन जाड व ताठर होतो. मग टाच जमिनीला टेकवताना स्नायूची लांबी कमी पडते आणि ओढ बसते. हील्स घातल्या की ती ओढ थांबते, एवढाच त्या आरामाचा अर्थ.

म्हणून उद्यापासून एकदम सपाट चपला घालू नका, दुखणं वाढेल. दर दोन-तीन आठवड्यांनी टाचेची उंची साधारण एक सेंटिमीटरने उतरवा. जोडीला रोज भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट, ३० सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढंच. त्याने पोटरीचा आतला स्नायू ताणला जातो. हा दुसरा भाग सगळेच गाळतात!

रुंद टाच घेतली की झालं, हा सल्लाही तुम्हाला मिळेल. तोल सावरायला ती बरीच. पण हील्समुळे गुडघ्यावरचा भार वाढतो, हे १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २००१ मधल्या पुढच्या अभ्यासात रुंद टाचांचंही तेच दिसलं.

नव्या सँडल्स संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा आणि सँडल त्यावर ठेवा. बोटांपाशी रेघ बाहेर डोकावली तर ती परत करा, कितीही आवडली तरी. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येणं, तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये खडा रुतल्यासारखं दुखणं, हा त्रास निमुळत्या पुढच्या भागाने वाढतो.

दुखणं तळव्याच्या बाजूने असेल किंवा टाचेमागे सूज असेल, तर मात्र व्यायाम सुरू करण्याआधी तपासून घ्या.