उत्तरपत्रिका उघड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन विषय राहिले, हे तू एका ओळीत उरकलंस आणि पुढची दोन पानं पेपर किती अवघड होता यावर लिहिलीस. असेलही अवघड. पण तुझं नेमकं कुठे चुकलं, ते मला त्यात सापडलं नाही. उत्तरपत्रिका तू अजून उघडलेलीच नाहीस, असं वाटतं.

मीही उघडली नव्हती. गणितात नापास झाले तेव्हा तपासणाऱ्याला बोल लावला आणि पुढच्या खेपेला त्याच प्रकारच्या उदाहरणांत पुन्हा अडकले. त्यामुळे ‘अपयश शिकवतं’ हे मला अर्धंच पटतं. मला त्या वर्षी ते नुसतं दुखलं, शिकवलं काहीच नाही.

गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची, म्हणजे शतकानुशतकं कुणालाच सिद्ध न करता आलेल्या एका विधानाची, सिद्धता जून १९९३ मध्ये केंब्रिजला जाहीर केली. त्यामागे सात वर्षांचं, जवळजवळ गुपचूप केलेलं काम होतं. जगभर बातमी झाली, आणि मग तपासणीत त्या सिद्धतेत एक मोठी त्रुटी निघाली. आपले पूर्वीचे विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना मदतीला घेऊनही ती महिनोन्‌महिने भरून निघेना. सप्टेंबर १९९४ मध्ये, हार मानायच्या बेतात असताना, आपली पद्धत का चालत नाही एवढं तरी समजून घ्यावं म्हणून ते बसले. तेव्हा त्यांना दिसलं की पूर्वी सोडून दिलेली दुसरी पद्धत इथे नेमकी कामी येते. १९९५ मध्ये सिद्धता छापून आली. हुशारी तर त्यांच्याकडे होतीच. पण सगळं जग बघत असताना स्वतःच्या चुकीपुढे इतके दिवस बसून राहणं, याला मी चारित्र्य म्हणते.

तेव्हा गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिही: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. ‘आठवलं नाही’ जास्त वेळा आलं तर वाचण्याची पद्धत बदल. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. असं आठवून लिहिताना रोज थोडं हरल्यासारखं वाटतं. वाटू दे. ‘येतच नव्हतं’ असेल तर शिक्षकांना तसं स्पष्ट सांग. हे वाक्य उच्चारायला मला फार वर्षं लागली.

एक मात्र विचारते. झोप लागत नाही, तब्येत बरी नाही, घरी काही ताण आहे, असं काही असेल तर तो स्वभावाचा दोष समजू नकोस. ते आधी सांग, मला किंवा जवळच्या कुणाला. अभ्यासाचं नंतर पाहू.

रविवारपर्यंत दोन्ही उत्तरपत्रिका वाच. मग मला पहिल्या पाच चुका आणि त्यांची कारणं कळव. किती गुण पडले ते लिहू नकोस.

वाट पाहते.