कॅनडाचे लाल डगलेवाले घोडेस्वार पोलिस 'आपला माणूस पकडल्याशिवाय राहत नाहीत' हे खरं आहे का?

मी कॅल्गरीत राहतो. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला लाल डगल्याच्या पोलिसाबरोबर फोटो हवा असतो, आणि फोटो झाला की हाच प्रश्न येतो.

पहिलं म्हणजे ते त्यांचं ब्रीद नव्हे. ब्रीद फ्रेंचमध्ये आहे, अर्थ साधारण 'कायदा राखा'. माणूस हमखास धरून आणतात ही वाहवा १८७७ साली सीमेपलीकडच्या फोर्ट बेंटनमधल्या अमेरिकी वर्तमानपत्राने छापली. पुढे हॉलिवूडने ती डोक्यावर घेतली.

सुरुवात मात्र फजितीची. दल उभारायचा कायदा १८७३ च्या मे महिन्यात झाला. लगेच पश्चिम कॅनडातल्या सायप्रेस हिल्स या टेकड्यांत अमेरिकेतून आलेल्या शिकाऱ्यांनी असिनिबोइन जमातीच्या लोकांची कत्तल केली, मग भरतीची घाई उडाली. जुलै १८७४ मध्ये मॅनिटोबा प्रांतातून सुमारे २७५ जण पश्चिमेकडे निघाले. डगला लाल ठेवला तो मुद्दाम, कारण निळा डगला म्हणजे अमेरिकी लष्कर, आणि त्याचं नाव काढलं की इथल्या जमातींचं डोकं फिरायचं. बरोबर दोन तोफा आणि बैलगाड्या. स्वार कसले, बरेचसे कारकून नि शेतकऱ्यांची पोरं! वाट चुकली, चाऱ्यापाण्यावाचून घोडे मेले. ज्या दारूच्या अड्ड्यावर धाड घालायची तो फोर्ट व्हूप-अप सांगितलेल्या जागी नव्हताच. शेवटी जेरी पॉट्स नावाचा वाटाड्या मिळाला, आई काइनाई जमातीची, बाप स्कॉटिश. त्याने बरोबर दारात नेऊन उभं केलं. ९ ऑक्टोबरला तोफा रोखल्या, दलाचा अधिकारी मॅक्लिऑडसाहेब याने पुढे होऊन दार ठोठावलं. दारूवाले कधीच माल हलवून पसार झालेले. मागे राहिलेल्या माणसाने साहेबाला जेवायलाच बोलावलं.

तरी दारूचा धंदा बसला हे खरं, आणि ब्लॅकफूट प्रमुख क्रोफूटने १८७७ मध्ये सरकारशी झालेल्या करारावेळी पोलिसांचे जाहीर आभार मानले. पण १८८५ नंतर याच पोलिसांनी राखीव वस्तीबाहेर पडायला आदिवासींकडे पास मागायला सुरुवात केली. त्याला कायद्याचा आधार नव्हता. ब्रीद काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि माणूस पकडण्याचं म्हणाल, तर १८९५ मध्ये गाय मारल्याच्या आरोपावरून धरलेला ऑलमायटी व्हॉइस हा क्री जमातीचा तरुण रात्री पहाऱ्यातून निसटला. पाठलाग करणाऱ्या सार्जंटला त्याने गोळी घातली, मग दीड वर्ष सापडला नाही. मे १८९७ मध्ये झाडीत दडलेल्या त्याच्यावर आणि दोन सोबत्यांवर पोलिसांनी तोफा डागल्या. तिघेही मेले.