टॉम किम हा कोरियन गोल्फर नक्की कोण आहे? इतक्या लहान वयात त्याचा एवढा गवगवा का?

खरं नाव किम जू-ह्युंग. जन्म 2002, सोल. लहानपणी थॉमस नावाच्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाचा नाद होता, त्यावरून ‘टॉम’. वाढला मात्र ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स, थायलंड असा फिरत. आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण 2019 मध्ये सतराव्या वर्षी त्याने एशियन टूरवरची (आशियातल्या व्यावसायिक स्पर्धांची मालिका) पॅनासोनिक ओपन जिंकली, तीही गुरुग्रामला.

गवगवा झाला तो ऑगस्ट 2022 मधल्या अमेरिकेतल्या विंडम चॅम्पियनशिप स्पर्धेमुळे. गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितकं चांगलं. पहिल्याच होलवर पार 4 (म्हणजे अपेक्षित फटके चार) असताना गड्याने 8 फटके घेतले. एवढ्यावर भलेभले गळपटतात. हा शेवटच्या दिवशी 61 फटक्यांत फेरी संपवून पाच फटक्यांनी जिंकला! दोनच महिन्यांनी लास वेगासला श्रायनर्स ओपन, चारही फेऱ्यांत एकही बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) नाही. 2023 मध्ये तीच स्पर्धा पुन्हा खिशात. त्याच वर्षी ब्रिटिश ओपनमध्ये दुखावलेल्या घोट्यानिशी संयुक्त दुसरा.

त्यानंतर गाडी अडखळली. 2024 मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपला अमेरिकेच्या स्कॉटी शेफलरकडून प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा होलमध्ये) हरला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये आठवा आला आणि रडला. कोरियन पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते. ऑलिंपिक पदक किंवा एशियाडचं सुवर्ण मिळालं तर त्यातून मोठी सूट मिळते. रडण्याचं कारण देशासाठी खेळण्याची भावना असं तो म्हणाला, पण ही टांगती तलवार आहेच. 2025 तर फिकंच गेलं. माझ्या मते गुणवत्तेत खोट नाही, सातत्यात आहे.