आयामेचे वाक्य आणि आयामेची कारकीर्द

चि. मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. काही वर्षे स्त्रीभूमिका केल्यानंतर आता पुरुषभूमिकाही मागून घ्याव्यात काय, असे तू विचारले आहेस आणि सोबत काबुकी या जपानी नाट्यप्रकारातील पहिल्या योशिझावा आयामेचे एक मत उतरवून पाठवले आहेस. येथे जमले नाही तर पुरुषभूमिकांकडे वळू, असा विचार ज्या स्त्रीपार्टी नटाच्या मनात येतो त्याची कला तेथेच मातीमोल झाली, असा त्याचा आशय. मत आयामेचेच आहे. मात्र ज्याच्या नावावर ते नोंदले गेले त्यानेच ते एकदा मोडले, हे तू वाचलेल्या उताऱ्यात बहुधा नसावे. तेव्हा उत्तर देण्याआधी त्या माणसाच्या कारकिर्दीकडे जरा बारकाईने पाहू.

आयामेचा जन्म १६७३ सालचा, किई नावाच्या प्रांतातला. जपानवर तेव्हा राज्य करणाऱ्या तोकुगावा शासनाने १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावरून हटवले होते आणि १६५२ मध्ये कोवळ्या मुलांच्या काबुकीवरही बंदी घातली होती. या दोन्ही बंदींमागे कलेपेक्षा नटनट्यांभोवती चालणाऱ्या देहविक्रयाची आणि त्यातून होणाऱ्या भांडणांची चिंता अधिक होती. पुढे परवानगी मिळाली ती नटांनी कपाळावरची झुलपे भादरावीत या अटीवर. स्त्रीपार्टी नट तो भादरलेला भाग जांभळ्या रेशमी फडक्याने झाकू लागले आणि जे व्यंग लपवण्यासाठी आले होते तेच काही काळाने त्यांचे लेणे ठरले. एवढ्याने देहविक्रय थांबला असे मात्र नाही. वडील लहानपणीच गेलेला आयामे ओसाकाच्या दोतोनबोरी या नाट्यवस्तीत वाढला तो अशाच मुलांपैकी एक म्हणून, ज्यांना दिवसा रंगमंचावर आणि रात्री रसिकांच्या बैठकीत हजर राहावे लागे. त्याच्या शिस्तीच्या गोष्टी वाचताना ही पार्श्वभूमी विसरू नकोस, नाहीतर तो उगाचच साधुपुरुष वाटू लागेल.

या काळात त्याला तांबा प्रांतातील कामेयामाचा गोरोझाएमोन नावाचा आश्रयदाता भेटला. हा गृहस्थ नोह नाट्याचा चांगला जाणकार होता. नोह म्हणजे सरदारवर्गाची प्रतिष्ठित कला आणि काबुकी म्हणजे गावकुसाबाहेरच्यांचा खेळ, त्यामुळे आयामेने नोह शिकवण्याची विनंती करावी हे स्वाभाविकच होते. गोरोझाएमोनने ती साफ नाकारली. स्त्रीभूमिकेत पक्का झाल्याखेरीज दुसरे काही मनात आणू नकोस, नोह आताच अंगात मुरले तर तुझे नृत्य नोहसारखे होईल आणि काबुकीचे राहणार नाही, असे त्याचे सांगणे होते. आयामेने ते ऐकले आणि या उपकाराची आठवण म्हणून पुढे ताचिबानाया हे घराणेनाम लावले. मला या प्रसंगात नकार देणाऱ्याचे मोठेपण अधिक जाणवते, कारण आपल्याला अवगत असलेली विद्या शिष्याला न देणे हे शिक्षकाला फार जड जाते.

आयामेचे नाव झाले ते १६९८ मध्ये. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, आलेल्या नाकामुरा शिचिसाबुरोने क्योतोत गाजवलेल्या नाटकात त्याने मिउरा या गणिकेची भूमिका केली. गणिकेची, म्हणजे केइसेईची, भूमिका ही सर्व स्त्रीभूमिकांचा पाया आहे, ती साधली की बाकीच्या सोप्या होतात, असे तो पुढे सांगत असे. नट मुळात पुरुष असल्याने ताठपणा आणि करारीपणा त्याच्या अंगात असतोच. सामुराईच्या पत्नीला लागणारा कणखरपणा त्यामुळे त्याला फारसा शोधावा लागत नाही, गणिकेचे मोकळे, सैल लालित्य मात्र मुद्दाम कमवावे लागते. जे आयते आहे त्यावर उभे राहू नये, जे नाही ते आधी मिळवावे, असा हा हिशेब आहे. वीरपत्नीच्या भूमिकेतही नुसता राठपणा ओंगळ दिसतो, बाह्य रूप शृंगारिक आणि मन पतिव्रतेचे असावे, असेही त्याने म्हटले आहे. तू आजवर केलेल्या भूमिकांची यादी पाहिली तर त्यात राण्या आणि मानी स्त्रियाच जास्त आहेत, यावर थोडा विचार कर.

रंगपटातील वागणुकीविषयीची त्याची मते तुला अतिरेकी वाटली, असे तू लिहितोस. स्त्रीपार्टी नटाने रंगपटातही स्त्रीच राहावे, जेवणाचा डबा इतरांकडे पाठ करून खावा, पत्नी असल्याचे लपवावे आणि कोणी तिचा विषय काढलाच तर लाजेने लाल व्हावे, असे तो सांगतो. त्याची मुले पुढे रंगभूमीवर नामांकित झाली, तेव्हा हे लपवणे कितपत शक्य होते हा प्रश्नच आहे. पण डब्याविषयी त्याने दिलेले कारण पाहा. प्रियकराची भूमिका करणाऱ्या नटाशेजारी बसून तुम्ही बकाबका खाल्ले, तर थोड्याच वेळाने रंगमंचावर त्याच्या मनात तुमच्याविषयी खरी ओढ निर्माण होणार नाही आणि दोघांचाही प्रवेश पडेल, असे तो म्हणतो. म्हणजे त्याला काळजी आहे ती समोरच्या नटाची. आज असे वागणे कोणी तुझ्यावर लादू लागले तर तू ते मानू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. पण तालमीच्या वेळी सहकलाकाराच्या मनातले पात्र आपल्या हातून विस्कटू नये, एवढी जपणूक तुझ्याकडून मला हवी आहे.

काबुकीतील करार वर्षाचे असत आणि दरवर्षी निघणाऱ्या परीक्षणपुस्तिकांत नटांची प्रतवारी लावली जाई, त्यामुळे जुन्या कीर्तीवर फार काळ बसून राहणे कोणालाच परवडत नसे. आयामे या पुस्तिकांत अगदी वरच्या स्थानी पोहोचला. १७१३ च्या अखेरीस तो एदोला गेला आणि हंगाम करून क्योतो-ओसाकाकडे परतला. आणि मग १७२१ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने योशिझावा गोनशिची हे नाव घेऊन पुरुषभूमिका करायला सुरुवात केली. प्रयोग फसला. लवकरच तो पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळला आणि १७२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला. पुढच्याच वर्षी तो वारला.

यावरून त्याला दांभिक ठरवण्याची घाई काही अभ्यासू मंडळी करतात, ती मला पटत नाही. तरुण प्रेयसी म्हणून तीस वर्षे उभे राहिलेल्या शरीराने एकदा दुसरे काही करून पाहावे, यात अनैसर्गिक काय आहे? आपल्याकडे बालगंधर्वांनीही १९३५ मध्ये पडद्यावर संत एकनाथांची भूमिका केलीच होती. शिवाय आयामेची मते आपल्यापर्यंत आली ती फुकुओका यागोशिरो या नट-नाटककाराने टिपून ठेवली म्हणून, आणि ज्या संग्रहातून ती पुढे सर्वत्र पसरली तो छापला गेला १७७६ मध्ये. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा आणि छापणारे तिसऱ्याच पिढीचे, अशा वाक्यांना शासकीय आदेशासारखे वाचू नये. त्या वाक्याचा रोख भूमिका बदलण्यावर नसून पळवाट मनात ठेवून काम करण्यावर आहे, असे मी समजतो. गोनशिची होण्यापूर्वी आयामेने ती पळवाट कैक वर्षे बंद ठेवली होती.

तुझ्या पत्रात पुरुषभूमिकेची ओढ मला कोठे दिसली नाही, गेल्या प्रयोगावरील टीकेचा सल मात्र दिसला. म्हणून येत्या हंगामासाठी माझे सांगणे असे की, दिग्दर्शकांकडे राणीऐवजी ती दुय्यम वाटणारी नर्तकीची भूमिका माग. तिच्यात लाघव आहे, विनोद आहे आणि तुला सवयीचा असलेला करारीपणा अजिबात नाही. हंगाम संपल्यावरही पुरुषभूमिका करावीशी वाटली तर मला लिही, मी स्वतः तुझ्यासाठी शब्द टाकेन. आयामेचा मुलगा पहिला नाकामुरा तोमिजुरो, ज्याने १७५३ मध्ये एदोत दोजोजी मंदिराच्या कथेवरील कुमारिकेचे नृत्य अमर केले, त्याच्याविषयी तू विचारले आहेस. त्याचा विषय मोठा आहे, तो पुढच्या पत्रात घेऊ.

तुझा,
एक जुना रंगकर्मी